कच्चे मडके : नेतृत्वाच्या निवडीविषयी काही टिपणे

१

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे मागे टाकून उत्तरेकडे निघाले की सुमारे २० किलोमीटरांवर सोनगीर लागते. टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी गाव. तांब्या-पितळेची भांडी ही या गावाची खानदेशातली जुनी ओळख. भांडे विकत घेणारा जाणता माणूस भावाचे बोलणे काढण्याआधी एक गोष्ट करतो. भांडे हातात उचलून बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. नाद उमटला तर ठीक. बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे, किंवा सांधा नीट बसलेला नाही.

ही कृती मराठीने माणसांच्या बाबतीतही उचललेली आहे. माणूस खणखणीत असतो, कसाला लागतो, पारखून घेतला जातो. या सगळ्या शब्दांमागे एक गृहीत आहे : आतला गुण बाहेरून वाजवून ओळखता येतो आणि आज जो नाद उमटतो तोच उद्याही उमटेल.

या गृहीताची आपल्या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध कथा गोरोबाकाकांची आहे. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाई कुंभाराच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारते, याचा उपयोग काय? मडके पक्के की कच्चे ते कळते, असे उत्तर मिळते. मग आमचीही परीक्षा करा, असे ठरते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सगळे मुकाट्याने सोसतात. नामदेव मात्र तक्रार करतात आणि 'हे मडके कच्चे' असा निकाल लागतो. अपमानित नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जातात आणि त्यांना गुरू लाभतो.

ही कथा आपण अहंकारनाशाची कथा म्हणून शिकतो आणि शिकवतो. तो अर्थ आम्हांला अमान्य नाही. पण निवडीच्या इतिहासाकडे पाहताना तिच्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्याशा वाटतात. पहिली अशी की, इथे परीक्षा जे मोजते ते सोसणे आहे. जो गप्प राहिला तो पक्का आणि ज्याने 'का?' म्हटले तो कच्चा. दुसरी अशी की, 'कच्चे' हा शब्द त्या दिवसापुरता खरा आहे. ज्याला कच्चे ठरवले त्याचीच वाणी पुढे पंजाबपर्यंत पोचली आणि त्याची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. थापटण्याला हे दिसणे शक्य नव्हते आणि थापटण्याने तसा दावाही केला नव्हता. तो दावा करणारी माणसे फार पुढची.

२

असा दावा आधुनिक जगात सर्वांत पद्धतशीरपणे कोणी केला असेल, तर तो अमेरिकन फुटबॉलच्या व्यवसायाने. नाव फुटबॉल असले तरी हा खेळ प्रामुख्याने हाताने खेळला जातो आणि त्यात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. समोरच्या संघाची मांडणी त्याने वाचायची आणि चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. बाकीच्यांना अंगबळ लागते आणि याला डोके लागते, अशी त्या खेळाची समजूत आहे. या समजुतीकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघांनी आळीपाळीने निवडून घ्यायचे, त्यातही आदल्या वर्षी सर्वांत दुबळा ठरलेल्या संघाने पहिले नाव घ्यायचे, या पद्धतीला 'ड्राफ्ट' म्हणतात. तिचा आरंभ १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. तेव्हा फळ्यावर सुमारे ९० नावे लिहिलेली होती. सर्वप्रथम निवडला गेला तो जे बरवँगर नावाचा खेळाडू. तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. एका मोठ्या उद्योगाची ही मंगलाचरणालाच लागलेली ठेच म्हणायची.

पुढे फळ्याची जागा प्रयोगशाळेने घेतली. खेळाडू ४० यार्ड किती सेकंदांत पळतो, त्याचा हात किती लांब आहे, तळवा किती रुंद आहे, सगळे मोजले जाऊ लागले. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची एक बुद्धिमापन चाचणीही अनेक वर्षे घेतली जात होती. ती २०२२ साली बंद झाली. कोण कितव्या क्रमांकावर निवडला जाईल याचे भाकीत करणे हा तर स्वतंत्र धंदाच बनला. तरीही १९९८ साली पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोघांत श्रेष्ठ कोण यावर जाणकारांत गंभीर वाद होता. दोघे अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले. मॅनिंग त्या खेळाच्या थोर खेळाडूंत गणला गेला, तर लीफ काही वर्षांतच मैदानाबाहेर झाला. २००० साली टॉम ब्रेडी या खेळाडूचे नाव १९८ जणांनंतर घेतले गेले. त्याने पुढे ७ अजिंक्यपदे मिळवली.

कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी या निवडींचा हिशेब मांडला. एकाच जागेसाठी लागोपाठ घेतलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी घेतलेला खेळाडू अधिक चांगला निघण्याचे प्रमाण त्यांना शेकडा ५२ च्या आसपास आढळले. नाणे उडवले तर ५० मिळतात. म्हणजे एवढ्या मोजमापातून पदरात पडते ते साधारण दोन टक्के.

हा आकडा नम्र करणारा आहे. माणसाचे उद्याचे रूप आज कळत नाही, हे प्रामाणिक अज्ञान आहे आणि त्यातून होणाऱ्या चुकांना चूक म्हणण्यापेक्षा दैव म्हणणे बरे. पण या हिशेबात एक बारीकशी अट दडलेली आहे. त्यात मोजले जातात ते निवडले गेलेलेच. ज्याचे नाव फळ्यावर आलेच नाही त्याच्याविषयी शेकडा ५२ काहीच सांगत नाहीत.

३

फळ्यावर न आलेले असे एक नाव वॉरन मून यांचे. विद्यापीठाच्या संघाचा हा क्वार्टरबॅक १९७८ च्या 'रोझ बाउल' सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही. तो कॅनडात गेला, तिथे संघाबरोबर लागोपाठ ५ अजिंक्यपदे मिळवली आणि १९८४ साली अमेरिकेत परतला. २००६ साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

त्याच्याही आधी, १९६८ साली, डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को याला ही जागा मिळाली होती. संघाने त्याला निवडले होते ते बचाव फळीसाठी. इतर खेळाडू जायबंदी झाले म्हणून संधी आली. त्या हंगामात त्याने १४ वेळा चेंडू फेकून गुण मिळवून दिले. पुढच्याच वर्षी त्याला संघ बदलावा लागला आणि नव्या संघात तो चेंडू झेलणारा झाला. पळायला, झेलायला, अडवायला कृष्णवर्णीय चालत. 'वाचायला' आणि 'ठरवायला' मात्र ते चालतील असे निवडणाऱ्यांना वाटत नसे. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तो 'नेतृत्वगुण', 'प्रगल्भता', 'संघाला बांधून ठेवण्याची क्षमता' अशा शब्दांत वावरत होता. साहित्याच्या अभ्यासकांना हे ओळखू यावे. ज्या विशेषणांना मोजमाप नसते तीच विशेषणे सर्वाधिक काम करतात.

म्हणजे चुका दोन जातींच्या आहेत. लीफविषयीची चूक उद्या न दिसल्यामुळे झाली. मून आणि ब्रिस्को यांच्याविषयीची चूक आज समोर असलेले न पाहिल्यामुळे झाली. पहिल्या चुकीला अधिक मोजमाप हा उपाय असू शकेल. दुसरीच्या बाबतीत मोजमाप हाताशी असते आणि ते वाचले जात नाही.

या दुसऱ्या जातीच्या चुकीसाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. वर्णाच्या जागी जात ठेवली की तीच कथा आपल्याला पुण्या-मुंबईच्या मैदानांवर, अर्धशतक आधी, मराठी माणसांच्या बाबतीत घडलेली दिसते.

४

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातले, मूळचे कोकणातल्या पालवणीचे. वडील फौजेत होते. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम बाळूंना मिळाले आणि पुढे ४ रुपये महिन्याने ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीत ते तयार झाले. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या ग्रंथात (२००२) एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे : इतकी वर्षे चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती तिथे फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही. गोलंदाजी ही मजुरी आणि फलंदाजी ही सरदारी, असा तो भेद होता. अंगबळ आणि डोके यांची अमेरिकन वाटणी आपण वर पाहिली. तिचे हे आपल्याकडचे भावंड.

युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू संघाला लवकरच कळले. वादावादी होऊन त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत असे आणि त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. गोरोबांच्या कथेत मडके हे माणसाचे रूपक होते. इथे रूपक उरलेले नाही. मडके खरेच आहे आणि ते एकदाच वापरायचे आहे.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघेही त्या संघात होते. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे १९. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. नेतृत्वाची पात्रता कशाने ठरत होती हे या दोन आकड्यांवरून समजावे : एक बळींचा, एक वयाचा.

मुंबईच्या तिरंगी आणि १९१२ पासून चौरंगी सामन्यांत बाळू हे हिंदू संघाचे आधारस्तंभ होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. अनुभवाने ते सर्वांत ज्येष्ठ. तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ज्यांना ते मिळाले त्या मुकुंदराव पै यांनी १९१३ साली एका समारंभात, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंकडे जायला हवा होता, असे बोलून दाखवल्याची नोंद आहे. म्हणजे निवडला गेलेलाच सांगतो आहे की निवड चुकली. निवड समितीला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा होता?

१९२० साली प्रकरण चिघळले. बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी दुसरा कर्णधार नेमण्याची वेळ आली आणि तेव्हा धाकटे बंधू विठ्ठल यांचा हक्क डावलून दि. ब. देवधर यांना नेमले गेले. विठ्ठल आणि शिवराम दोघांनीही निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. थापटणे पडल्यावर मुकाट न राहणारी ही दोन मडकी. यांच्या बाबतीत गोरोबांचा निकष लावायचा तर त्यांना कच्चे म्हणावे लागेल. आम्हांला तर ही त्या संघातली सर्वांत प्रगल्भ कृती वाटते. तिचा परिणामही झाला. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंनी चालवला. एका सामन्यातले काही तास, एवढीच त्यांच्या नेतृत्वाची मुदत.

इथे देवधरांविषयी एक गोष्ट प्रांजळपणे मांडायला हवी, नाहीतर आमचेच लेखन बद्द वाजेल. देवधर अयोग्य होते असे मुळीच म्हणता येत नाही. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. मग निवड समितीचे भाकीत खरे ठरले असे म्हणायचे का? एका अर्थाने होय. अन्याय्य निवडीतूनही चांगला कर्णधार निघू शकतो. खेळाच्या इतिहासातली, आणि वाङ्मयाच्याही, ही सर्वांत फसवी जागा आहे. निवडलेला माणूस कर्तबगार निघाला की निवडीची पद्धत आपोआप निर्दोष ठरते. न निवडलेल्याचे कर्तृत्व घडलेलेच नसल्यामुळे तुलनेसाठी दुसऱ्या पारड्यात ठेवायला काहीच नसते. गोलंदाज बाळूंचे आकडे आपल्याजवळ आहेत. कर्णधार बाळूंचे नाहीत. ती जागा कोरी आहे आणि कोऱ्या जागेची सरासरी काढता येत नाही.

सुदैवाने या कुटुंबाच्या बाबतीत काळाने एक पडताळा उपलब्ध करून दिला. १९२३ साली विठ्ठल यांना कर्णधार करण्यात आले. अस्पृश्यतेविरुद्ध गांधींनी उठवलेल्या आवाजाचा तो काळ होता. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि जमावाने विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांना शिवायचे नव्हते त्यांचे ओझे त्या संध्याकाळी लोकांनी हौसेने वाहिले. १९२५ आणि १९२६ सालीही हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. दलित आत्मकथनांच्या लाटेच्या कितीतरी आधीचे, चर्मकार समाजातल्या माणसाने मराठीत लिहिलेले हे आत्मचरित्र. आत्मचरित्राच्या इतिहासात त्याची जागा कोणती, हा प्रश्न आमच्यापैकी जे शिकवतात त्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. कारण अभ्यासक्रम हीही एक निवड समितीच असते.

५

बाळूंच्या कथेचा उत्तरार्ध राजकारणात घडला आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतल्या राखीव जागेवर काँग्रेसने त्यांना उमेदवारी दिली. समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. उमेदीच्या काळात आंबेडकरांना ज्यांच्या कीर्तीचा अभिमान वाटत असे, तेच बाळू आता त्यांच्याविरुद्ध उभे होते. मधल्या काळात पुणे करारावरून दोघांच्या वाटा वेगळ्या झालेल्या होत्या. बाळूंची ती भूमिका त्यांची स्वतःची होती आणि तिला कोणाच्या हातचे बाहुले होणे म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. पण निवडणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर उपरोध लपत नाही. ज्या माणसाला ११ जणांचे पुढारीपण देववले नव्हते, तोच माणूस समाजाचा पुढारी म्हणून आंबेडकरांपुढे उभा करायला मात्र योग्य वाटला. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे. आंबेडकरांविरुद्धची ही मते काही थोडी नव्हेत. बाळूंचे नाव अजून खणखणीत वाजत होते.

त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ रोजी, आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. लळिंग धुळ्याच्या दक्षिणेला, सोनगीर उत्तरेला, रस्ता एकच. या रस्त्याने जाताना आमच्या मनात दोन माणसे जवळजवळ असतात. एकाला पुढारी म्हणून कोणी निवडावे लागले नाही, कारण ती निवड करण्याचा अधिकारच त्याने पूर्वीच्या मालकांकडून काढून आपल्या लोकांकडे दिला. दुसऱ्याने आपली पात्रता वर्षानुवर्षे चेंडूगणिक सिद्ध केली आणि निकालाची वाट पाहिली. पहिला मार्ग श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ, असे आम्ही म्हणणार नाही. बाळू खेळाडू होते. खेळाडूजवळ सिद्ध करण्यापलीकडे काय असते?

अमेरिकेतही फळा बदलला. १९८८ साली डग विल्यम्स हा अंतिम सामना जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. २०१८ साली लमार जॅक्सन याला 'तू झेलणारा हो' असा सल्ला जाहीरपणे देणारे जाणकार होते. पुढच्याच हंगामात तो साखळीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, आणि हे प्रथमच घडत होते. ब्रिस्कोपासून इथवर यायला ५४ वर्षे लागली. इतक्या वर्षांत ४० यार्ड मोजणारी घड्याळे कितीतरी अचूक झाली. विलंब घड्याळांमुळे झालेला नव्हता.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. क्रिकेटच्या मैदानावर त्यांना 'कर्णधार' म्हणून पुकारले गेले नाही. आम्ही मात्र सोनगीरला भांडे हातात घेतो तेव्हा आता आधी वाजवत नाही. क्षणभर ते नुसते धरून पाहतो. नाद भांड्याचा असतो हे खरे, पण तो ऐकणारा कान आमचाच असतो, आणि त्या कानाला काय ऐकायची सवय आहे हे भांड्याला माहीत नसते.